पोलिसांच्या हाती गुंडा

परवा भाचीला विचारलं, अगं माझा चष्मा पाहिलास का, तर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मामा, नो क्लू." चष्मा फ्रीजवर सापडला (मीच ठेवलेला), पण ते क्लू काही डोक्यातून जाईना, म्हणून शोधत बसलो.

तर क्लू म्हणजे चक्क दोऱ्याचा गुंडा! उच्चार हाच, फक्त जुन्या स्पेलिंगमध्ये शेवटी डब्ल्यू. आता हा गुंडा डिटेक्टिव्हच्या खिशात कसा गेला, तर ग्रीकांमुळे. क्रीट बेटावर मिनॉस राजाचा भूलभुलैया, आत बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, आणि त्याला खायला अथेन्सने 7 मुलगे नि 7 मुली पाठवायच्या. त्यांच्यात अथेन्सचा राजपुत्र थीसियसही गेला, मिनोटॉरला मारायला. राजाच्याच मुलीचा, अरिअ‍ॅडनीचा, त्याच्यावर जीव जडला, तिने गुपचूप गुंडा दिला, की टोक दाराशी बांध, सोडत सोडत आत जा आणि काम झालं की दोरा धरून बाहेर ये. आला पठ्ठ्या बाहेर! आणि तिला सोबत नेऊन वाटेत नॅक्सोस बेटावर टाकून निघून गेला, मेला. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ही गोष्ट इंग्रजीत सांगितली तेव्हाही हाच शब्द वापरला, पुढे हळूहळू दोरा गळून गेला आणि वाट दाखवणारी खूण तेवढी उरली.

आपल्याकडे मात्र दोरा अजून शाबूत आहे. पेपरात पोलिसांच्या हाती 'धागेदोरे' लागतात, बातमी 'सूत्रांकडून' येते, म्हणजे तोही दोराच, आणि सुतावरून स्वर्ग गाठणारे तर आमच्या सोसायटीत मजल्यामागे एक आहेत. फक्त क्लूचं शब्दशः मराठी करायला जाऊ नये, पोलिसांच्या हाती गुंडा लागला म्हटलं की केसच संपली.

लहानपणी आई माझ्या दोन्ही हातांवर लोकरीची लड अडकवायची आणि समोर बसून गुंडा करायची, मी हात एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कलवायचे, नाहीतर लोकर अडकायची आणि ओरडा बसायचा. एकदा तो गुंडा हातातून सुटून घरंगळत थेट कॉटखाली, अगदी भिंतीपर्यंत. मी पोटावर सरपटत दोरा धरून गेलो. गुंडा मिळाला, शिवाय महिनाभर हरवलेली कंपासपेटीची किल्लीपण मिळाली.