भर पावसात मुंबई : भरतीची वेळ न बघता निघू नका

पावसाळ्यात एका दिवसासाठी मुंबईला जाणार असाल, तर आधी भरतीची वेळ बघा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. उलट “पावसात मरीन ड्राइव्हच बघायचं” असं तिघांनी ठासून सांगितलं, आणि त्यांचं ऐकून सकाळी साडेअकरालाच आम्ही पाचही जण चिंब झालो.

आई, आम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांची मुलं. पुण्याहून ७:१५च्या डेक्कन क्वीनने निघून १०:२५ला सीएसएमटी. घाट नेहमीसारखाच सुंदर. टॅक्सीने थेट मरीन ड्राइव्ह गाठलं. त्या दुपारी समुद्राला साडेचार मीटरहून उंच भरती होती. लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या, पोलीस शिट्ट्या मारून लोकांना मागे सारत होते. धाकटी घाबरून रडायला लागली. लहान मुलं बरोबर असतील तर उधाणाच्या वेळी तिथे जाऊच नका. लाट छत्रीला जुमानत नाही आणि कठड्यावरून माणूस ओढला जाऊ शकतो.

भरतीच्या वेळा महापालिका जाहीर करते. ढोबळ हिशोब हवा असेल तर पंचांगातली तिथी पाऊणपट करायची : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास, आणि याच दिवसांतली भरती सगळ्यात मोठी. ही वेळ फक्त समुद्रकिनाऱ्यासाठी लागते असं नाही. भरतीत पर्जन्यवाहिन्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याच तासात जोराचा पाऊस आला की दादरजवळचे हिंदमाता, किंग्ज सर्कलसारखे सखल भाग तुंबतात. त्या वेळी दादरकडे कुणाला भेटायला जायचा बेत ठेवू नका.

मरीन ड्राइव्हवरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सकाळी सव्वादहा ते सहा उघडं असतं. पावसात कुटुंबासाठी याहून चांगली जागा नाही, तीन तास कसे गेले कळलं नाही. फक्त ओल्या कपड्यांनी वातानुकूलित दालनांत मुलं कुडकुडली. सुक्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत न्याच.

आता खरा त्रास. परतीची डेक्कन क्वीन ५:१०ची. सव्वाचारला आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊस कोसळत होता. सीएसएमटी तिथून जेमतेम पावणेदोन किलोमीटर. टॅक्सीचं किमान भाडं दीड किलोमीटरला ३१ रुपये, म्हणजे मीटरने फार तर चाळीस-पन्नास. पहिल्याने ४०० मागितले, दुसऱ्याने ५००. तिसरा आईकडे बघून म्हणाला, “म्हातारं माणूस आहे, सहाशे द्या.” दक्षिण मुंबईत रिक्षाही नाही. आईचे गुडघे दुखतात हे बघून भाव वाढवणाऱ्याला मी एक रुपया देणार नव्हते. साडेचार झाले होते. चालायचं ठरवलं.

संग्रहालयाजवळच्या काळा घोड्यापासून हुतात्मा चौकापर्यंतचा पट्टा वाईट. फुटपाथवर घोट्याएवढं पाणी, फरशा कुठे उचकटल्यात ते दिसत नाही. मुलांना आतल्या बाजूला धरून, पाय घासत चाला. पण हुतात्मा चौक ओलांडून दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलात की सुटलात! तिथल्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि फुटपाथ त्यांच्याखालूनच जातो. गल्ल्या ओलांडताना तेवढं भिजायचं, बाकी स्टेशनच्या भुयारी मार्गापर्यंत डोक्यावर छप्पर. आई तिथे दोनदा खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, ज्याने हे बांधलं त्याचं भलं होवो.” मलाही अगदी तेच वाटत होतं.

पाच वाजून दोन मिनिटांनी फलाटावर पोचलो.

तुम्ही जाल तेव्हा क्रम उलटा करा. आधी संग्रहालय, आणि समुद्र बघायचाच असेल तर ओहोटीला. ५:१०ची गाडी असेल तर पावणेचारलाच बाहेर पडा. छत्र्या घरी ठेवा, वाऱ्यात त्या उलट्या होतात, सगळ्यांना रेनकोट. बूट नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. मुलांचे बूट तीन दिवस झाले तरी अजून वाळलेले नाहीत.