गाडी बघायला जाताना बाळाची सीट बरोबर न्या

सहा वर्षं आमच्याकडे सुझुकीची तीन दारांची छोटी जिम्नी होती. वाळू, नदीपात्रातले गोटे, पावसाळ्यात वाहून गेलेली जंगलातली वाट, जिथे नेली तिथून तिने आम्हाला सुखरूप परत आणलं. दोन मुलंही त्याच गाडीत वाढली. पण ती चार जणांची गाडी आहे, आणि मागची सीट उभी असली की डिकीत जेमतेम ८५ लिटर जागा उरते. म्हणजे एक बाबागाडी, तीही नीट मावत नाही. तिसऱ्या बाळाची चाहूल लागली तेव्हा थोरला आठ वर्षांचा होता, धाकटी पाच वर्षांची, आणि सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. चारांचे सहा झालो. भर पावसात पुढची सीट पाडून, आत गुडघा टेकून, पोट सांभाळत मी धाकटीचा पट्टा लावत होते, तेव्हाच ठरलं की मोठी गाडी घ्यायची. वापरलेलीच घ्यायची, पण फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारी चाकांना देणारी गाडी, सोडायची नाही.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. ग्राउंड क्लिअरन्स, इंजिन, डिफरेन्शियल लॉक, पाण्यातून किती खोल जाते, असा सगळा तक्ता मांडून बसले. सासूबाईंनी एकच वाक्य म्हटलं, "अगं, मला चढायला जमेल अशी बघ." त्या वाक्याने तक्ता उलटा झाला. कोण कुठे बसणार हे आधी आणि गाडी कुठे जाणार हे नंतर, या क्रमाने पाहायला लागले आणि यादीतल्या निम्म्या गाड्या आपोआप गळाल्या.

त्यानंतर प्रत्येक गाडी बघायला जाताना मी तीन वस्तू नेत असे. मोजायची टेप, टॉर्च आणि बाळाची सीट. विकणारे थोडे चकित व्हायचे, पण बसवून पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. मागे तोंड करून बसवायची सीट बरीच जागा खाते. ती लावली की पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागते की माझ्या नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आणि बाळांच्या सीटसाठी युरोपातून आलेल्या आर १२९ या नियमाप्रमाणे बाळ निदान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसायला हवं, म्हणजे ही अडचण चार दिवसांची नव्हे. आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे हूक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेतल्या फक्त कडेच्या दोन जागांना असतात. तिसऱ्या रांगेत ते क्वचितच मिळतात. हे मानक १९९९ मधलं आहे, पण त्यानंतर बनलेल्या प्रत्येक गाडीत हूक असतीलच असं धरून चालू नये. सीटच्या फटीत बोटं घालून लोखंडी कडी स्वतः चाचपावी. सीटच्या पाठीमागे वरचा पट्टा अडकवायची कडी आहे का तेही बघावं.

आता खरी गोम सांगते. मधल्या रांगेच्या दोन्ही कडांना बाळांच्या सीट लावल्या की तिसऱ्या रांगेत जायची वाटच बंद होते, कारण मागे जायला कडेची सीट दुमडावी लागते आणि लहान मुलाची सीट बांधलेली असेल तर ती दुमडत नाही. सात सीटची गाडी घेऊन हे नंतर लक्षात आलेले लोक मला भेटले. आम्ही घरी जमिनीवर खुर्च्या मांडून गणित सोडवलं. मधल्या रांगेत रस्त्याच्या बाजूला बाळ, फूटपाथच्या बाजूला सासूबाई, आणि मागे दोघं मोठी मुलं, पाठ असलेल्या बूस्टरवर, म्हणजे मुलांना उंच बसवणाऱ्या सीटवर. सासूबाई उतरल्या की त्यांची सीट दुमडते आणि मुलं आत शिरतात. बूस्टरला तीन ठिकाणी बांधणारा पट्टा लागतो, म्हणून तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही जागांना तो आहे का, आणि बूस्टर ठेवल्यावर त्याचं कुलूप हाताला लागतं का, हे मी धाकटीला प्रत्यक्ष बसवून पाहिलं. मुलं मागे बसणार म्हटल्यावर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत येतात का, हाही प्रश्न आला. शेवटच्या खांबाच्या प्लास्टिकवर किंवा छताच्या कडेला तशी खूण असते. मुलाचं डोकं आणि मागची काच यांत किती अंतर राहतं, तेही मोजलं. एका गाडीत चार बोटं होतं. ती तिथेच सोडली.

तिसरी रांग दुमडायची पद्धतही पाहावी. टोयोटाच्या लँड क्रुझरच्या ८० आणि १०० मालिकेत आणि फॉर्च्युनरमध्ये मागच्या सीट दोन्ही बाजूंना खिडकीशी वर टांगल्या जातात, त्यामुळे सामानाची रुंदी कमी होते आणि मागचं दिसणंही. मित्सुबिशीच्या नंतरच्या पजेरोत ती जमिनीत जाते. २००४ साली आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ मध्ये मागे मोठ्या माणसाला बसता येईल अशी जागा आहे आणि सीट पाडली की सपाट फरशी मिळते. मला ती मांडणी सगळ्यांत आवडली, पण आमच्या आवाक्यातली, नीट निगा राखलेली एकही सापडली नाही.

फोर बाय फोर या शब्दाखाली बरंच काही विकलं जातं. चारी चाकं फिरतात एवढ्यावर भुलू नये. ओल्या रस्त्यासाठी, थोड्या चिखलासाठी ऑल व्हील ड्राइव्ह पुरते, आणि ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी हलकी गाडी घ्यावी, इंधनही वाचेल. पण दगडांवरून, खड्या उतारावरून कुटुंबाला घेऊन उतरायचं असेल तर लो रेंज, म्हणजे खूप हळू पण जोराने चालवणारे जादा गिअर, हवेच. त्यांच्यामुळे गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने, ब्रेक न तापवता, इंजिनाच्या जोरावर खाली येते. मागे तीन मुलं असताना मला तो संथपणा सगळ्यांत मोलाचा वाटतो. दुसरं म्हणजे पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे हवी तेव्हाच चारी चाकं जोडायची पद्धत, कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरता येत नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरेन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसल्यामुळे तो फरक कुठेच जिरत नाही, आणि ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. पजेरोत १९९१ पासून आलेली सुपर सिलेक्ट पद्धत किंवा टोयोटाच्या प्राडोसारखी मधे डिफरेन्शियल असलेली कायमची फोर बाय फोर असेल तर पावसात डांबरावरही चारी चाकांची पकड वापरता येते. वर्षातले बहुतेक दिवस आपण डांबरावरच असतो, म्हणून हा मुद्दा मी वर ठेवला. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, तीही तशीच. उंच, जड गाडी अचानक वळवावी लागली तर ती जीव वाचवते. जुन्या गाड्यांचं देखणेपण मला कळतं, पण ही यंत्रणा नसलेली गाडी मी मुलांसाठी घेतली नसती.

वजनाचं गणित फारसं कोणी करत नाही. गाडीचं एकूण अनुज्ञेय वजन आणि रिकामं वजन यांतला फरक म्हणजे आपला वाटा. समजा तो ६०० किलो आहे. आम्ही दोघं, सासूबाई, मुलं आणि त्यांच्या सीट मिळून २८० च्या पुढे जातो. आधीच्या मालकाने पुढे लोखंडी बंपर आणि अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच लावला असेल तर ८० च्या आसपास गेले. छतावर रॅक आणि तंबू असेल तर आणखी ८० जातात, आणि छताला बऱ्याच गाड्यांत मुळात ७५ ते १०० किलोचीच परवानगी असते, रॅक धरून. उरलेल्या दीडेकशे किलोत पाणी, हत्यारं, कपडे, तंबूचे खांब. आणि मुलं वाढणार आहेत, हे विसरून चालत नाही. म्हणून "पूर्ण तयार" म्हणून विकायला काढलेल्या गाड्यांपेक्षा मी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी शोधत राहिले. उंच केलेल्या सस्पेन्शनलाही मी नकार दिला. गुरुत्वमध्य वर जातो, आणि सासूबाईंची पायरीही.

एक गाडी मात्र मला मनापासून आवडली होती. सर्व्हिसचे कागद व्यवस्थित, आतली सीट स्वच्छ, रनिंगही बेताचं. खाली वाकले तर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, नुकताच काळा रंग दिलेला. वरच्या पत्र्यावर धूळ आणि खाली चकचकीत काळं, हे मला खटकलं. जॅकच्या दांड्याने मी चासीवर पुढून मागे हलके ठोकत गेले. टण, टण, टण असा आवाज येत होता. मागच्या आसाच्या वर, जिथे चासी कमानीसारखी उचललेली असते, तिथे तो एकदम ठप्प झाला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर लावलाच नव्हता, आणि टोक आत गेलं. रंगाखालून भाकरीच्या पापुद्र्यासारखा गंज सुटून माझ्या बाहीवर पडला. त्या पोकळ भागात चिखल साचून राहतो, समुद्रकिनाऱ्यावर फिरलेली गाडी असेल तर खारट चिखल, आणि तो आतून लोखंड खातो. बाहेरून कितीही धुतलं तरी तिथे पाणी पोचत नाही. थोरला शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याला गाडीचा रंग फार आवडला होता. "आई, हे दुरुस्त नाही होत?" त्याने विचारलं. मी त्याला खरं तेच सांगितलं. इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण ज्यावर सगळं उभं आहे तेच कुजलं असेल तर त्यावर तुम्हाला बसवणार नाही. परत येताना तो गप्प होता आणि मीही.

बाकीची तपासणी पटापट सांगते. गाडी थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायला सांगा. बोनेटला हात लावून आधी खात्री करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत जातंय. दोन्ही डिफरेन्शियलचं तेल गॅरेजवाल्याकडून उघडून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे, पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर, हमखास राहतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कटकट आवाज आला तर पुढचे सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकांना जोर पोचवणारे सांधे, गेलेत. लो रेंजचा लिव्हर खडीवर किंवा मातीवर प्रत्यक्ष टाकून बघा. वर्षानुवर्षं न वापरल्याने तो अडकलेला असतो. आणि डिझेलच्या नव्या गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला अधूनमधून लांबचा, सलग वेगाचा प्रवास लागतो. तुमची गाडी रोज फक्त शाळा आणि बाजार एवढंच करणार असेल तर पेट्रोलचा विचार करा.

एअरबॅगबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. टकाटा या कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने खराब होऊन फुगवणारी डबीच फुटत होती, धातूचे तुकडे प्रवाशांना लागत होते. जगभर सुमारे दहा कोटी एअरबॅग परत मागवल्या गेल्या, अनेक कंपन्यांच्या गाड्यांतल्या. जुन्या गाड्यांपैकी काहींत ती बदलायची राहून गेलेली असते. गाडीचा १७ अक्षरांचा चासी नंबर कंपनीकडे देऊन विचारलं की कळतं, आणि बदलून मोफत मिळते. मी प्रत्येक गाडीचा नंबर असा तपासला.

शेवटी घेतली ती प्राडो, १५० मालिकेतली, सात सीटची, डिझेल. ट्रायलला सगळं घर नेलं. नवरा चालवत होता आणि मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत धाकटीशेजारी बसले. तिथे गार हवा येते का, पुढचं बोलणं ऐकू येतं का, वळणावर पोटात ढवळतं का, हे पुढे बसून कळत नाही. धाकटी झोपून गेली. सासूबाई दोनदा चढल्या-उतरल्या, दाराच्या खांबावरच्या मुठीला धरून, आणि म्हणाल्या, "एक पायरी लाव, मग झालं." ती लावली. तिन्ही रांगा वापरल्या की सामानाला फार जागा उरत नाही, हे मान्य करूनच घेतलीये. कपड्यांच्या हलक्या पिशव्या वर, पाणी आणि हत्यारं मुलांच्या पायाशी.

घेतल्याबरोबर सगळी तेलं आणि कूलंट बदललं. आधीचे कागद असले तरी मी आपलं खातं शून्यापासून सुरू केलं. थोरल्याला टायरवरचा आकडा वाचायला शिकवला. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या चारही टायरांवर २२२१ होतं, म्हणजे २०२१ चा बाविसावा आठवडा. तो मग दिसेल त्या गाडीचा टायर वाचत सुटला. आठवड्याने रात्री जेवताना म्हणाला, "आई, स्टेपनी बाकीच्यांपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे." मी हात धुऊन टॉर्च घेऊन खाली गेले आणि गाडीखाली वाकून पाहिलं. १४१५. नक्षी नवीकोरी, कधीच रस्त्याला न लागलेली, आणि कडेच्या रबराला केसाएवढ्या चिरा. दुसऱ्या दिवशी पाचवा टायरही बदलला.