ट्रेलर तयार, आता ओढणारी गाडी: वजने, घाट आणि ब्रेक

मागच्या नोंदीत दोन घोड्यांच्या जुन्या ट्रेलरच्या तळफळ्या बदलून त्यांवर रबरी चटया बसवल्याचे लिहिले होते. त्यानंतर चाकांचे बेअरिंग, दिव्यांची वायरिंग आणि घोडे चढवायच्या मागच्या फळीच्या बिजागऱ्या ही कामेही उरकली असून, आता खरा प्रश्न उरला आहे तो हा ट्रेलर ओढणार कोण याचा. आपल्या खानदेशात घोडा हलवायचा म्हणजे पिकअप किंवा टेम्पो भाड्याने घ्यायचा, बांधाला मागची बाजू लावायची आणि घोड्याला वर घ्यायचे, ही रीत इतकी रुळलेली आहे की ट्रेलर पाहून सारंगखेड्याच्या यात्रेला दरवर्षी जाणारे जुने घोडेवालेसुद्धा पहिला प्रश्न विचारतात तो इंजिनाच्या ताकदीचा.

माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो. आजचे कोणतेही बरे डिझेल इंजिन दोन घोड्यांचा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढून नेईल. पण उतारावर ट्रेलर गाडीला ढकलू लागला की दोघांपैकी कोण कोणाला आवरतो, यावर गाडीची निवड ठरली पाहिजे. खानदेश म्हणजे तापीचे खोरे. नाशिकहून येताना लळिंगचा घाट उतरून धुळ्यात यावे लागते, छत्रपती संभाजीनगरकडून येताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव गाठावे लागते आणि इंदूरकडून येताना बिजासन उतरून पळासनेर लागते. सुरतेकडचा कोंडाईबारी मात्र उलटा, कारण तो जाताना उतरायचा असतो. म्हणजे बहुतेक वाटांनी घरी परतताना उतार लागतो आणि तोही घोडे व चालक दोघेही दमलेले असताना. पळासनेरला जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने जो अनर्थ केला, तो या भागात कोणी विसरलेले नाही.

गाड्या पाहण्यापूर्वी वजने करून घेतली. गावाजवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर रिकामा ट्रेलर ट्रॅक्टरने नेऊन, सोडवून, एकटा तोलला. तो ९८० किलो भरला. घोडी ३८५ आणि घोडा ४३५ किलो. पाण्याचे कॅन, चारा, खोगिरे आणि किरकोळ सामान मिळून ८० किलो धरले की एकूण १,८८० किलो होतात. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलोंचा असतो, त्यामुळे आपल्यापैकी ज्यांच्याकडे दोन घोड्यांचा ट्रेलर आहे त्यांचा आकडा याच्या आसपासच येईल. मात्र अंदाजावर न राहता काट्यावर जाणेच योग्य.

याहून महत्त्वाचे वजन म्हणजे ट्रेलरचे नाक गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या सांगाड्यावर, किती भार टाकते ते. ट्रेलर गाडीला जोडलेला नसताना त्यात घोडा कधीही चढवू नये, म्हणून घोड्यांच्या जागी सरकीच्या ढेपेची पोती रचली. घोड्याच्या वजनाचा जवळपास साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, हे लक्षात घेऊन पोत्यांची थप्पी पुढे जड ठेवली, चाकांना ओंडके लावले आणि कप्लरखाली (म्हणजे हिचच्या गोल बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या नाकावरील पकडीखाली) कापूस मोजायचा लहान काटा बॉलच्या उंचीइतक्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून नाक त्यावर टेकवले. काटा १४० किलोवर स्थिरावला, म्हणजे एकूण वजनाच्या साडेसात टक्क्यांच्या जवळ. नंतर सगळी पोती १५ सेंटीमीटर मागे सरकवली, तेव्हा तोच काटा १०० वर आला. ट्रेलरच्या दोन कण्यांच्या मध्यापासून बॉलपर्यंतचे अंतर तीन मीटर आहे आणि घोड्यांचे वजन ८२० किलो, तेव्हा ८२० ला ०.१५ ने गुणून तीनने भागले की ४१ किलो येतात; हिशोब आणि काटा दोन्ही जुळले. घोडा मागच्या पट्ट्यावर रेलून उभा राहिला तर एवढा फरक वाटेत सहज पडतो. नाकावरचा भार फार कमी झाला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि फार जास्त झाला की गाडीची पुढची चाके हलकी होऊन सुकाणूची पकड जाते. युरोपीय पद्धतीच्या ट्रेलरसाठी ५ ते ७ टक्के आणि अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के असा संकेत आहे. माझ्या कप्लरवर १५० किलोंची मर्यादा कोरलेली असल्यामुळे दुसऱ्या संकेताचा विचार मी केलेला नाही.

ओघात आलेच आहे म्हणून लिहितो: एकच घोडा न्यायचा असेल तर तो उजव्या बाजूच्या कप्प्यात उभा करावा. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि रस्त्याचा ढाळ डाव्या कडेकडे असतो, त्यामुळे डावीकडे वजन गेले की ट्रेलर कडेच्या खड्ड्यांकडे ओढ घेतो.

आता गाड्यांकडे वळतो. नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचे वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांचा जुना संकेत आहे. तो कायदा नव्हे, पण विचार सुरू करायला चांगला आहे. १,८८० किलोंना तो लावला तर गाडी २,२०० किलोंच्या घरातली हवी. या एकाच कसोटीवर थार बाद होते. तिचे डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते आणि चढावर ती ट्रेलर आनंदाने ओढेलही. पण भरलेला ट्रेलर तिच्याहून वजनदार आहे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यातच तिच्या पुढच्या-मागच्या कण्यांतील अंतर २,४५० मिलिमीटर, त्यामुळे ट्रेलरने शेपूट हलवली की गाडीचे तोंडही लगेच फिरते. बोलेरोची चेसिस भक्कम आहे आणि दुरुस्ती गावोगावी होते, तरी ७५ अश्वशक्तीचे आणि २१० न्यूटन-मीटरचे इंजिन लळिंगसारख्या चढावर मागे ट्रकांची रांग लावील. मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, शहरी एसयूव्ही मी मुळात यादीतच घेतल्या नाहीत.

कण्यांतील अंतर जास्त असावे हे सगळेच सांगतात, पण त्याच्या जोडीला मागच्या कण्यापासून बॉल किती मागे लोंबतो तेही टेपने मोजून पाहावे. पिकअपमध्ये हे लोंबते अंतर मोठे असते. इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपच्या कण्यांतील अंतर ३,०९५ मिलिमीटर असले तरी बॉल मागच्या कण्याच्या १.३५ मीटर मागे येतो, आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये २,७५० मिलिमीटरला साधारण १.२ मीटर. नाकावरच्या १४० किलोंमुळे पुढच्या कण्यावरचा भार दोन्हींत साठेक किलोंनी घटतो. म्हणजे नुसती लांब गाडी घेतली म्हणून पुढची चाके जास्त टेकलेली राहतात असे नाही. लांबीचा फायदा होतो तो झोके आवरण्यात.

हिच कशाला बसवला आहे, हे मला इंजिनापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. यात्रेत एका गाडीचा हिच बंपरच्या पट्टीलाच वेल्डिंग करून जोडलेला पाहिला; बंपरची पट्टी धक्का सोसण्यासाठी असते, दोन टनांची ओढ सोसण्यासाठी नव्हे. हिच चेसिसच्या दोन्ही लांब दांड्यांना, ठरलेल्या भोकांतून आणि उच्च प्रतीच्या बोल्टांनीच बसला पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखी पिन आणि कडी लावण्याचा सल्लाही मिळाला. त्यात पिनेभोवती राहणारी मोकळीक प्रत्येक गिअरला आणि प्रत्येक ब्रेकला हिसका देते आणि तो हिसका घोड्याला चारही पायांवर झेलावा लागतो. ५० मिलिमीटरचा बॉल, त्यावर घट्ट बसणारा कप्लर, फुलीसारख्या ओलांडलेल्या दोन सुरक्षा साखळ्या आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार, एवढे असल्याशिवाय मी घोडा चढवणार नाही.

यादीत शेवटी चार गाड्या उरल्या. हायलक्स आणि फॉर्च्युनर यांचे २.८ लिटर डिझेल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससह ४२० आणि ऑटोमॅटिकसह ५०० न्यूटन-मीटर देते. स्कॉर्पिओ-एनच्या १७५ अश्वशक्तीच्या डिझेलमध्ये हेच आकडे ३७० आणि ४०० आहेत, आणि व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनात ३६०. चौघींची चेसिस शिडीच्या बांधणीची आहे. आपल्याकडच्या बहुतेक माहितीपत्रकांत ओढण्याची क्षमता छापलेली नसते. ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी हायलक्सला ३,५०० किलो, फॉर्च्युनरला ३,१०० किलो आणि स्कॉर्पिओला २,५०० किलोंची मान्यता आहे. पण ती तिथल्या कंपनीमान्य हिचसह आणि तिथल्या अटींवर. ते आकडे पाहून निश्चिंत होण्यापेक्षा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर कण्याची मर्यादा दिली असेल तर ती वाचावी, आणि ओढण्याबाबत मालक-पुस्तिकेत काय लिहिले आहे व हमी कशाने रद्द होते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

ब्रेकवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो वाया गेला असे वाटत नाही. दर दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या घाटात १,८८० किलोंचा ट्रेलर गाडीच्या पाठीवर जवळपास १८८ किलोंचा जोर लावतो. चाकांच्या घर्षणाने त्यातला थोडा कमी होतो, बाकीचा गाडीलाच सोसावा लागतो. वळणावर असा जोर तिरका लागला की गाडी आणि ट्रेलर मिळून कात्रीसारखे मिटतात. माझ्या ट्रेलरचे ब्रेक ढकलणीचे आहेत: ट्रेलर पुढे दाटला की कप्लरमधला दांडा आत सरकतो आणि त्याने ओढलेल्या तारेमुळे ड्रममधले ब्रेक लागतात. ही रचना साधी आणि भरवशाची आहे, परंतु लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनाने रोखून धरली की ट्रेलर सतत दाटत राहतो, दांडा सतत आत राहतो आणि ड्रम तापत जातात. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यायचा, वेग इतका कमी ठेवायचा की पायाने ब्रेक क्वचितच दाबावा लागेल, आणि मध्ये सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबून ड्रम निवू द्यायचे. विजेवर चालणाऱ्या ब्रेकांत चालकाला एकट्या ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात, आणि ट्रेलर झोके घेऊ लागल्यावर त्यांचा फार उपयोग होतो. ती सोय नसताना झोके सुरू झाले तर अ‍ॅक्सिलरेटर अलगद सोडून सुकाणू सरळ धरणे, एवढेच करावे. गाडीचा ब्रेक कचकन दाबू नये आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. सुरत महामार्गावर शेजारून मोठा ट्रक गेला की हवेचा झोत ट्रेलरच्या उभ्या भिंतीवर आदळतो, त्यामुळे चौपदरी रस्त्यावरही ताशी ५० ते ६० किलोमीटर हीच मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे.

आपल्या काळ्या जमिनीचा उल्लेख टाळून चालणार नाही. पावसाळ्यात शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतच्या गाडवाटेवर चिखल चाकाला असा धरतो की मागची दोनच चाके फिरवणारी गाडी जागेवरच खोलवर रुतते. तेव्हा चारही चाकांची ओढ आणि लो-रेंज, म्हणजे चाके सावकाश पण जास्त जोराने फिरवणारा गिअर, हवीच. ट्रेलर मागे सरकवताना लो-रेंजमुळे क्लच जळत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा चढावर इंजिनाचे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल किती तापते याकडे लक्ष ठेवावे लागते. खरे तर अशा दुपारी घोडे हलवूच नयेत, पहाटे निघावे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे, म्हणून त्याला स्वतंत्र नोंदणी आणि क्रमांक लागतो. गाडीत बदल करण्यापूर्वी, हिच बसवण्यासकट, परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही सोबत हवा.

सध्या पारडे धुळ्यातील एका परिचितांच्या वापरलेल्या व्ही-क्रॉसकडे झुकले आहे. कारण इंजिन नव्हे. तसे पाहिले तर चौघींत टॉर्क तिचाच कमी. चारा आणि पाणी हौद्यात ठेवले की ट्रेलर ८० किलोंनी हलका होऊन १,८०० वर येतो आणि गाडी तेवढीच जड होते, हे एसयूव्हीत इतक्या सोयीने जमत नाही. मात्र हे सामान ट्रेलरच्या पुढच्या पेटीत, कण्यांच्या मध्यापासून दीड मीटर पुढे असे. ते काढले की नाकावरचे ४० किलो जाऊन १०० उरतात, आणि घोडे मागे सरकले तर साठच्याही खाली. म्हणून छातीचा आडवा दांडा १० सेंटीमीटर पुढे घेणार आहे, त्याने नाकावर २७ किलोंची भर पडेल. घोड्याच्या मानेला पुढे तेवढी जागा उरते का, हे दांडा तात्पुरता दोरीने बांधून आणि ट्रेलर ट्रॅक्टरला जोडून पाहिले. घोडीला अडचण नाही, घोड्याचे नाक पुढच्या भिंतीपासून वीतभर राहते. भोके पाडण्याचे काम या आठवड्यात होईल. त्यानंतर पोती रचून पुन्हा काटा, आणि व्ही-क्रॉस उचलणीवर चढवून चेसिसचे सांधे व मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची तपासणी.