क्रमांक नसलेलं मूल

आजीचं एक वाक्य आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ आहे : "तुमचा खापरपणजोबा उसाच्या बेटावर जन्मला, नि आईला तिथंच ठेवून परत आला." त्यापुढे ती गप्प व्हायची. त्या वाक्यामागे मी यंदा मॉरिशसला गेले.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. 1834 पासून पुढे साडेचार लाखांवर माणसं करारावर या बेटावर आली. बहुतेक बिहारकडची, दक्षिणेतली, आणि मुंबई बंदरातून आमच्या कोकण-साताऱ्याकडचीही. प्रत्येकाला एक क्रमांक. मी खापरपणजोबांचं नाव घेऊन गेले होते, आणि तिथेच अडले. बेटावर जन्मलेलं मूल बाहेरून आलेलं नाही, म्हणून त्याला क्रमांकच नाही! आधी आईबाप शोधायचे, मग जन्माची नोंद.

दोन दिवस गेले. रत्नागिरीचं इंग्रजांनी केलेलं 'रटनाघेरी' मी आधी चक्क ओलांडून पुढे गेले होते. मग बाप सापडला. गाव आमचंच. 1867 नंतर जुन्या कामगारांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे, त्यामुळे त्याचा फोटोही मिळाला. पागोटं, खोल गेलेले डोळे. माझ्या काकाचं कपाळ.

आईचा फोटो नाही. ती 1862 मध्ये आली, तेव्हा फोटो काढत नसत. नोंदीत वय 20, उंची 4 फूट 9 इंच, डाव्या मनगटावर व्रण. पुढे मृत्यू, 1867. ते मलेरियाच्या साथीचं वर्ष. त्या एका वर्षात बेटावर 40 हजारांच्या आसपास माणसं गेली. डासांचं तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, लोक दलदलीतल्या वाईट हवेला दोष देत. तिचं मूल तेव्हा तीन वर्षांचं होतं.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर संध्याकाळी गेले. बोटीतून उतरलेली माणसं ज्या 16 पायऱ्या चढून आत येत, त्या अजून आहेत. ती त्या चढली असणार. मी बराच वेळ तिथे बसून राहिले.

शेवटच्या दिवशी कास्कावेलला एका मराठी घरी जेवायला बोलावलं होतं. घरात बेटावरची क्रिओल भाषा बोलतात, पण गणपतीत जाखडी, आपला कोकणातला नाच, अजून नाचतात. तिथल्या काकूंनी मला गाव विचारलं, नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "मग तू आमचीच." पुढ्यात भाताचा दुसरा ढीग वाढला.

घरी आल्यावर दाराच्या चौकटीवर 4 फूट 9 इंचांवर पेन्सिलीनं रेघ मारली. बारा वर्षांची माझी लेक तिथे पाठ टेकून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याला बरोबर लागली.