सिडच्या गावात, सायकलवर

पुण्यात अकरावीत असताना मित्राच्या मोठ्या भावाकडून एक कॅसेट हाती लागली होती. टेप घासून घासून आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा तो पहिला अल्बम, 1967 सालचा. त्यातली बहुतेक गाणी ज्याने लिहिली आणि गायली, तो सिड बॅरेट तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो बँडबाहेर गेला आणि नंतरच्या आयुष्याचा बराचसा काळ केंब्रिज या आपल्या गावात, आईच्या आणि बहिणीच्या जवळपास, चित्रं काढत आणि बाग राखत जगला. 7 जुलै 2006 रोजी साठाव्या वर्षी तो गेला. त्याचं गाव बघायचं हे तेव्हापासून मनात होतं. या जुलैत ते जमलं.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून केंब्रिजची जलद गाडी साधारण 50 मिनिटांत पोचते. कामाच्या दिवशी जाणार असाल तर सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यावर निघा, परतीचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. रविवारी रुळांची कामं काढतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री पुन्हा तपासा. उतरल्यावर मात्र माझं ऐका आणि सायकल भाड्याने घ्या. गाव सपाट आहे, रस्त्यांना सायकलची वेगळी पट्टी आहे, आणि सिड आयुष्याच्या उत्तरार्धात याच गावात सायकलवरून बाजारहाट करायचा. बसने फिरलात तर ठिकाणं दिसतील, पण त्यांच्यामधली अंतरं कळणार नाहीत, आणि मला तर ती अंतरंच महत्त्वाची वाटली. पैसे देण्याआधी ब्रेक दाबून बघा. माझा मागचा ब्रेक लागत नव्हता, ते पुलाच्या उतारावर कळलं. परत जाऊन सायकल बदलून घेण्यात पाऊण तास गेला.

स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर ग्लिसन रोड आहे, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची गल्ली. इथल्या एका घरात 6 जानेवारी 1946 रोजी रॉजर कीथ बॅरेट जन्मला. रॉजर हे त्याचं खरं नाव, ‘सिड’ पुढे मित्रांनी चिकटवलं. इथे फार थांबू नका, तो लहान असतानाच कुटुंब हिल्स रोडवर राहायला गेलं.

हिल्स रोडला मात्र वेळ द्या. रेल्वेचा पूल ओलांडून दक्षिणेला निघालं की रुंद, झाडांचा, सतत रहदारीचा रस्ता लागतो. वडील मॅक्स बॅरेट हे ॲडनब्रुक्स रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होते. डिसेंबर 1961 मध्ये कर्करोगाने ते गेले, तेव्हा सिड पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर रविवारी दुपारी घराच्या पुढच्या खोलीत पोरांचा बँड सराव करायचा आणि आई विनिफ्रेड ते चालू द्यायची. घरात मृत्यू होऊन गेलेला असताना त्या बाईने गिटारी आणि ढोल आत येऊ दिले, याचा विचार करत मी बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभा होतो.

जवळच हिल्स रोड सिक्स्थ फॉर्म कॉलेज आहे. त्या काळी ती मुलांची हायस्कूल होती. फ्लॉइडमधला बासवादक रॉजर वॉटर्स तिथेच, सिडच्या पुढे शिकत होता, आणि पुढे फ्लॉइडची मुखपृष्ठं करणारा स्टॉर्म थॉर्गरसनही. त्याच रस्त्यावरच्या पर्स स्कूलमध्ये डेव्हिड गिलमोर, पुढे फ्लॉइडमध्ये सिडच्या जागी आलेला गिटारवादक. सिड आणि गिलमोर एकत्र गिटार वाजवू लागले ते ईस्ट रोडवरच्या कला-तंत्र महाविद्यालयात, जिथे आता अँग्लिया रस्किन विद्यापीठ आहे. सायकलवर ही सगळी ठिकाणं अर्ध्या तासात होतात. इंग्लंडभर पसरलेल्या त्या संगीताची मुळं एवढ्याशा जागेत आहेत, हे नकाशावर बघून पटत नव्हतं. पायडल मारल्यावर पटलं. शाळा-कॉलेजांच्या आवारात विचारल्याशिवाय शिरू नका, बाहेरून पुरेसं दिसतं.

तिथून गावात, कॉर्न एक्स्चेंजला. 1875 साली उघडलेला हा जुना धान्यबाजार आता गाण्याच्या कार्यक्रमांचं सभागृह आहे. इथे सिडच्या स्मरणार्थ 2016 मध्ये बसवलेली कलाकृती आहे. मी दुपारी पोचलो तर दार बंद होतं. आत जायचं असेल तर त्या दिवशी कार्यक्रम आहे का, तिकीटखिडकी कधी उघडते, हे आधी बघून ठेवा. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून सांगतोय.

पण बंद दारासमोरही थांबण्यासारखं काही आहे. 24 फेब्रुवारी 1972 रोजी ‘स्टार्स’ नावाच्या नव्या बँडबरोबर सिड इथे वाजवायला उभा राहिला. अमेरिकेचा एमसी फाइव्ह हा बँड त्या रात्रीचं मुख्य आकर्षण होता. सिडचं वाजवणं विस्कटलं, वर्तमानपत्री समीक्षाही तशीच आली, आणि थोड्याच दिवसांत त्याने तो बँड सोडला. ज्या इमारतीत त्याचं मंचावरचं आयुष्य जवळजवळ संपलं, तिथेच गावाने त्याची आठवण ठेवली आहे. मला हे योग्य वाटतं. यशाची जागा शोधायची तर लंडन आहेच.

दुपार नदीसाठी ठेवा. मिल पाँडच्या बांधापाशी साठच्या दशकात ही सगळी मुलं जमायची. तिथून न्यूनहॅममार्गे ग्रँटचेस्टरची कुरणं लागतात. जायला पैसे पडत नाहीत. पायवाटेवर चालणाऱ्यांची गर्दी असली तर सायकल हातात धरा. गाई मोकळ्या चरतात, त्यांच्यापासून दूर राहा. पाण्याची बाटली आणि पातळ रेनकोट हवाच, मला एका तासात ऊनही लागलं आणि सरही. फ्लॉइडच्या त्या पहिल्या अल्बमचं नाव केनेथ ग्रॅहमच्या, नदीकाठच्या प्राण्यांवरच्या बालकादंबरीतल्या एका प्रकरणाचं आहे. त्या गाण्यांमधली मांजर, सायकल, बुजगावणं हे सगळं मी इतकी वर्षं नशेच्या काळातलं स्वप्न समजत होतो. इथे वाळुंजांखाली, हळू वाहणाऱ्या कॅम नदीच्या काठी बसल्यावर वाटलं, हे तर एका मुलाचं अंगण आहे. हेडफोन आणले होते, ते काढून ठेवले.

आता शेवटचं, आणि हेच सांगण्यासाठी खरं तर लिहायला बसलो. सिड नंतर राहत असे ते घर चेरी हिंटन रोडच्या बाजूला एका शांत चौकात आहे. पत्ता सहज सापडतो, तरी इथे देत नाही. 1982 मध्ये लंडनहून सुमारे 80 किलोमीटर चालत तो गावी परतला असं सांगतात. त्यानंतर तो पुन्हा रॉजर झाला. जुन्या नावाने हाक मारणारे लोक, दार वाजवणारे चाहते, झुडपाआडून फोटो काढणारे पत्रकार, हे सगळं त्याला नको होतं. तरी लोक वर्षानुवर्षं येत राहिले. त्याच्या पश्चात नोव्हेंबर 2006 मध्ये घरातल्या वस्तूंचा केंब्रिजमध्येच लिलाव झाला: चित्रं, त्याने स्वतः ठोकून केलेलं फर्निचर, सायकली. सुमारे 1 लाख 20 हजार पौंड आले, ते कला शिकणाऱ्यांच्या मदतीसाठी गेले. त्या घरात आता दुसरी माणसं राहतात. त्यांनी तर एकही गाणं लिहिलेलं नाही, त्यांना कशाला त्रास?

चेरी हिंटन रोडवर मात्र जरूर जा, तो सगळ्यांचा रस्ता आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी तिथे होतो. एका दुकानातून सफरचंदं आणि बिस्किटांचा पुडा घेतला, पिशवी हँडलला अडकवली. चौकाकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक पाय जमिनीला टेकवून मिनिटभर थांबलो. एक बाई कुंपणापलीकडे गुलाब छाटत होत्या, त्यांनी मान वर करून हात हलवला. मीही हलवला, आणि सायकल स्टेशनाकडे वळवली. सायकलचं दुकान सहाला बंद होणार होतं.