गाडी गॅस खात नाही

एप्रिल उजाडला की हा प्रश्न मला हमखास येतो. शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत एका आत्याबाईंनी विचारलं, "तुझी गाडी एवढी जुनी, तरी एसी इतका गार कसा? दर उन्हाळ्याला गॅस भरतेस का?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. नाही भरत. तीन वर्षं भरला, आणि तिन्ही वेळा तो हवेत गेला.

गाडी 2009 सालची, पेट्रोलची, लहान. आम्ही अमळनेरला राहतो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला जळगावला न्यावं लागतं. नंबर सकाळचा असला तरी परतायला भर दुपार होतेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा काच खाली केली तर तोंडावर भट्टीची धग येते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाणीसुद्धा मोजून प्यायचं पथ्य असलेल्या माणसाला त्या धगीत दीड तास बसवायला माझं मन होत नाही. जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

पहिल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गॅस भरला, तो दिवाळीपर्यंत टिकला. दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसापर्यंत. तिसऱ्या वर्षी अठरा दिवस. दर वेळी एकच उत्तर मिळालं: जुनी गाडी आहे, गॅस उडतोच. सगळेच तसं म्हणतात, म्हणून मीही मान डोलावली.

मग धुळ्याला एक मिस्तरी भेटले. ते फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतात. माझी सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ताई, गाडी गॅस खास का? गया तं कथा गया, ते देखा." म्हणजे, गाडी गॅस खाते का? गेला तर कुठे गेला, ते बघा.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. आपल्या गाड्यांत बहुतेक वेळा असतो तो 134ए गॅस उणे 26 अंशांनाच उकळतो. त्यामुळे गाडी नुसती उन्हात उभी असली, इंजीन बंद असलं, तरी 40 अंशांना पाइपांत सव्वाशे पीएसआयहून जास्त दाब असतो. टायरमधल्या हवेच्या चौपट! रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपतो हे खरं, पण अठरा दिवसांत रिकामी होते ती गाडी म्हातारी म्हणून नाही. तिला कुठेतरी भोक आहे.

मला धास्ती होती ती कूलिंग कॉइलची. ती फुटली असेल तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो. मिस्तरींनी उरलासुरला गॅस मशीनने काढून घेतला, पाइपांत नायट्रोजन भरला आणि जोडाजोडावर साबणाचा फेस लावत गेले. एका पाइपच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. तिथली ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, कडक होऊन चिरली होती. पण खरा चोर कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात होता. तिथे काळा, तेलकट डाग होता. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेल पाझरतं आणि त्याला धूळ चिकटते. तीन गॅरेजांत बॉनेट उघडलं गेलं होतं, त्या डागाकडे कुणी पाहिलं नव्हतं. ह्याचा मला आजही राग येतो.

त्या कोपऱ्यात कापूस सापडला. वेचणीच्या हंगामात आपल्याकडे रस्त्याकडेच्या बाभळींनासुद्धा कापूस लागलेला दिसतो, तोच कंडेन्सरच्या जाळीत अडकतो. पावसाळ्यात त्यावर चिखल बसतो, तो ओलसर राहतो आणि खालचं ॲल्युमिनियम कुजतं. आता मी दर हंगामानंतर जाळी साध्या नळाच्या पाण्याने, हलक्या धारेने धुते. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पात्या वाकतात.

कंडेन्सर नवा घातला, ओ-रिंगा बदलल्या, गॅसमधला ओलावा शोषणारी ड्रायरची बाटलीही बदलली, कारण सिस्टीम उघडी पडली की ती हवेतला ओलावा पिऊन निकामी होते. गेलेल्या तेलाच्या मापाने तेल घातलं. तीन वर्षं कुणी तेलाचं नावच काढलं नव्हतं, आणि कॉम्प्रेसर जाम होतो तो बरेचदा तेलावाचूनच. मग पाऊण तास व्हॅक्यूम लावला आणि बंद करून अर्धा तास दाबाच्या मीटरचा काटा हलतो का ते पाहिलं. हलला नाही, म्हणजे गळती उरली नव्हती. शेवटी गॅस भरला तो वजन करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच. आधी सगळ्यांनी गार हवा येते त्या डॅशबोर्डच्या जाळीपुढे हात धरून अंदाजाने भरला होता. जास्त भरला की दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो, हे मला तिथे कळलं.

एवढं करूनही एक खोट उरलीच. हायवेला मस्त गार, पण जळगावात सिग्नलला थांबलं की कोमट. पुन्हा धुळे गाठलं. कंडेन्सरचा पंखा फिरत होता, पण दमल्यासारखा. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला त्या पंख्याचाच आधार. मोटर बदलली आणि प्रश्न मिटला. दोन्ही फेऱ्यांचे मिळून साडेनऊ हजार गेले. तीन वर्षांच्या गॅसचे जवळजवळ साडेचार हजार त्याआधीच गेले होते.

पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. गाड्यांच्या एसीत पूर्वी असायचा त्या आर-12 गॅसने ओझोनचा थर विरळ केला, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हटवत नेला. हा 134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवायला तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जालीम आहे. ज्या उन्हापासून अण्णांना वाचवायला निघाले, त्याच उन्हात मी तीन वर्षं भर घातली.

मिस्तरींनी एक कागद दिला होता. त्यावर तारीख, किती ग्रॅम गॅस, किती तेल, एवढंच. शिवाय थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायला सांगितला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं. थंडीच्या कडाक्यात अण्णा शाल पांघरून बसतात तेव्हासुद्धा मी काच थोडी उघडून तो चालवते. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दोन आखाज्या झाल्या, त्यावर दुसरी ओळ अजून लिहावी लागलेली नाही.