उंदीर, मांजर आणि गेर्ट्रूट

हॅम्बुर्गमध्ये रविवारी दुपारी लोक पाय मोकळे करायला ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत जातात. आपल्याकडे कुणी हौसेने स्मशानात फिरायला जात नाही, पण ओल्सडॉर्फ म्हणजे तळी, बदकं, जुनी झाडं आणि जागा एवढी ऐसपैस की आतून चक्क बस धावते. थडग्यांवरची नावं वाचत हिंडायची मला सवय लागली आहे. जन्मसाल 1900च्या आगेमागे असलं की हमखास भेटणार ती गेर्ट्रूट. या ओळीत एक, पुढच्या ओळीत दोन, वळणावर आणखी एक. त्या काळात जर्मनीत मुलींना सर्रास ठेवलेल्या नावांपैकी हे एक.

आणि आज? बागेत घसरगुंडीपाशी उभं राहून ऐका. एम्मा, इडा, फ्रीडा, माटिल्डा. सगळी पणजीच्या पिढीची नावं, धूळ झटकून पुन्हा बाळांना दिलेली. गेर्ट्रूट मात्र कुणी परत आणलेली नाही. माझं आपलं मत असं, की बिचारीचं घोडं उच्चारापाशी अडलं. एम्मा, इडा ही नावं शेवटाला ‘आ’ करून मोकळी होतात. गेर्ट्रूट दार आपटल्यासारखं संपतं. लिहिताना शेवटी ‘ड’, पण जर्मन जीभ त्याचा ‘ट’ करते. इंग्रजीतली गर्ट्रूड त्यामानाने सौम्य. आपल्याकडे तिची ओळख झाली ती बहुधा हॅम्लेटची आई म्हणूनच, आणि तीही काही फारशी बरी ओळख नव्हे.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं नाव हेच आहे, हे मला कुरिअरवाल्यामुळे कळलं. इथे दारावरच्या घंटीपाशी फक्त आडनाव असतं आणि शेजारी एकमेकांना वर्षानुवर्षं आडनावानेच हाक मारतात. एकदा त्यांचं पार्सल आमच्याकडे ठेवलं गेलं, त्यावर पूर्ण नाव छापलेलं. द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, “गेर्ट्रूट मला फक्त डॉक्टर म्हणतो. आणि आई म्हणायची, चिडली की.” एरवी त्या ट्रूडं. कुणाची ट्रूडी होते, कुणाची गेर्टी, बव्हेरियाकडे ट्राउडल. पूर्ण नाव कागदपत्रांसाठी आणि ओरडा खाण्यासाठी, हा रिवाज आपल्याला काही नवा नाही.

नावाचे दोन तुकडे आहेत: भाला आणि बळ. जुन्या जर्मानिक टोळ्या मुलींची नावं अशीच जोडून करायच्या. हिल्डेगार्डमध्ये लढाई आहे, माटिल्डामध्ये बळ आणि लढाई, आणि हेडविगमध्ये तर लढाई आणि पुन्हा लढाईच. या सगळ्या आज्या कॉफीसोबत प्लमचा केक पुढे करतात तेव्हा त्यांच्या नावातली शस्त्रं आठवून मला उगाच हसू येतं.

यातली पहिली नावाजलेली गेर्ट्रूट सातव्या शतकातली. आजच्या बेल्जियममधल्या निवेलची. बाप पेपिन म्हणजे राजाचा मुख्य कारभारी, आपल्या हिशेबाने पेशवाच म्हणा. एकदा त्याच्या घरी मेजवानीला राजा डागोबर्ट आला होता. एका सरदाराच्या मुलाने राजाकरवी हिला मागणी घातली. तिचं जुनं चरित्र सांगतं की पोरगी भडकली आणि शपथ घेऊन म्हणाली, हाही नको आणि या जगातला दुसरा कुणीही नको, मी ख्रिस्ताची. भर पंगतीत, राजासमोर! वय किती, तर जेमतेम दहा-बारा. पुढे 640 साली पेपिन वारला. एवढ्या मोठ्या घरची लेक म्हटल्यावर तिला जबरदस्तीने पळवून न्यायला टपलेले कमी नव्हते. तेव्हा तिच्या आईने, इट्टाने, स्वतः कात्री घेऊन लेकीचे केस कापले, जोगिणीसारखे, डोक्याभोवती कडं तेवढं ठेवून. केस उतरवण्याचा आपल्याकडचा इतिहास बायकांवरच्या जुलमाचा आहे. इथे आईने कात्री चालवली ती लेकीला कुणी हात लावू नये म्हणून. मग इट्टाने निवेलला मठ काढला आणि गेर्ट्रूट त्याची प्रमुख झाली. 659 साली, 17 मार्चला, वयाच्या 33व्या वर्षी ती गेली. पुढे युरोपात मोठा सम्राट झालेला शार्लमेन हा तिच्या बहिणीच्या, बेग्गाच्या वंशातला. म्हणजे हिने लग्नाला नकार दिला तरी घराण्याचं काही अडलं नाही.

संत झाल्यावर तिच्यामागे उंदीर लागले. जुन्या चित्रांत ती हातात धर्मदंड घेऊन उभी असते आणि त्या दंडावरून उंदीर सरसर वर चढत असतात. ते उंदीर म्हणजे मेलेल्यांचे आत्मे, असं कुणी सांगतं. शेतकऱ्याला मात्र आत्म्यांपेक्षा कणगीतल्या धान्याची काळजी. त्याने तिला उंदीर-घुशींपासून राखणारी करून टाकली. कोलोनमध्ये तिच्यापुढे सोन्याचांदीचे उंदीर वाहत असत, अगदी 19व्या शतकापर्यंत. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्यामुळे मला यात काही विचित्र वाटलं नाही.

तिचा दिवस मार्चच्या मध्यात, थंडी ओसरताना येतो. त्यामुळे शेतीबागेची कामं त्या दिवसापासून सुरू. जर्मन शेतकऱ्यांची म्हण आहे की गेर्ट्रूट गाईला चाऱ्याकडे नेते, घोड्याला नांगराकडे आणि मधमाशीला उडायला. बायकांनी हिवाळाभर चालवलेली सूतकताई त्या दिवशी बंद करायची. नाही केली तर उंदीर चातीवर चढून धागा कुरतडतो. घरात बसून कातणाऱ्या बाईला बाहेर उन्हात काढायला उंदराची भीती घालावी लागते, यातच काय ते आलं.

गंमत पुढेच आहे. गेल्या काही दशकांत कुणीतरी सरळ हिशेब केला, की उंदरांपासून वाचवते ती, मग मांजरांची पाठीराखी तीच असणार. आता दुकानांत मिळणाऱ्या तिच्या चित्रांत मांडीवर मांजर असतं. तेराशे वर्षं उंदीर सांभाळले आणि निवृत्तीनंतर खातं बदलून मिळालं!

हॅम्बुर्गच्या फुटपाथवर मात्र हे नाव वाचताना हसू येत नाही. घरांसमोर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले आहेत, नाझींनी इथून नेलेल्या माणसांचे. ‘इथे राहत होती’ आणि खाली नाव. त्यात गेर्ट्रूट कितीतरी. इथले ज्यू लोक आपल्या लेकींची नावं शेजाऱ्यांसारखीच ठेवत होते, कारण ते इथलेच होते. 1938च्या ऑगस्टमध्ये फर्मान निघालं, की ज्यांच्या नावावरून ज्यू असल्याचं कळत नाही अशा ज्यू बायकांनी 1 जानेवारी 1939पासून नावापुढे ‘सारा’ लावायचं. म्हणजे गेर्ट्रूट हे नाव सरकारच्या लेखी इतकं जर्मन, की ते त्यांच्याकडे नुसतं राहू देणंही खुपलं. बर्लिनची कवयित्री गेर्ट्रूट कोल्मार त्यांच्यातलीच. आधी कारखान्यात वेठीला जुंपली, मग मार्च 1943मध्ये आउश्वित्झला नेली. परत आली नाही.

हे नाव जहाजात बसून अमेरिकेलाही गेलं होतं. मॅनहॅटनमध्ये मटणाचं दुकान चालवणाऱ्या एका जर्मन माणसाची मुलगी गेर्ट्रूड एडर्ली, घरची ट्रूडी. लहानपणी गोवराने तिचे कान अधू झाले होते. 1924च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने रिलेचं सुवर्ण आणि दोन कांस्यपदकं मिळवली. पुढच्या वर्षी इंग्लिश खाडी पोहायला उतरली, पण प्रशिक्षकाने अर्ध्यातून तिला पाण्याबाहेर काढायला लावलं, आणि त्याबद्दल तिने त्याला कधी माफ केलं नाही. 6 ऑगस्ट 1926ला ती पुन्हा उतरली. अंगभर चरबी आणि ग्रीसचे थर, डोळ्यांवरच्या चष्म्याच्या कडा मेणाने बंद केलेल्या, आणि पोशाख बहिणीच्या मदतीने स्वतः बेतलेला, दोन तुकड्यांचा. जिंकली तर लाल मोटार, असं वडिलांनी कबूल केलेलं. समुद्र खवळला, सोबतच्या बोटीवरून बाहेर ये म्हणून ओरडायला लागले, तर ही पाण्यातूनच विचारते, “कशाला?” साडेचौदा तासांच्या आसपास ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तोवर खाडी पार केलेले पुरुष पाच, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वेगवान गड्याहून ही सुमारे दोन तासांनी पुढे. किनाऱ्यावर एका अधिकाऱ्याने तिच्याकडे पासपोर्ट मागितला. भाल्याचं बळ वगैरे सोडा. खात्याचा माणूस कुठल्याही देशातला असो, सारखाच!

न्यूयॉर्कला मिरवणुकीसाठी परतण्याआधी ती जर्मनीतल्या बिसिंगन गावी आजीला भेटायला गेली. पुढे ऐकू येईनासं झालं, तेव्हा ती कर्णबधिर मुलांना पोहायला शिकवत होती.

आणखी एक ट्रूडी आपल्या औषधांच्या डब्यात बसलेली असते. 1988ची नोबेल विजेती गेर्ट्रूड एलियन. गाउटवाल्या काकांची अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी आणि नागीण उठल्यावर घ्यायचं अ‍ॅसायक्लोव्हिर या दोन्हींमागे तिच्या चमूचं काम आहे.

आणि सगळ्यात धिप्पाड ट्रूडं आमच्याच शहरात उभी आहे. एल्बे नदीखालून चौथा बोगदा खणणाऱ्या यंत्राला हे नाव दिलं होतं. ‘एल्बेच्या खाली खोल जा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरं जुळवून ते बसवलं, पण मुळात आजीचं नाव डोक्यात असल्याशिवाय अशी अक्षरं जुळतात थोडीच! खणणारं चाक 14.2 मीटर व्यासाचं. आता ते कामगार-संग्रहालयाच्या अंगणात ठेवलंय. मुंबईच्या कोस्टल रोडचं बोगदायंत्र ‘मावळा’ 12.19 मीटरचं होतं. आकाराने आजी थोरली.

इतकं सगळं माझ्याकडे जमलं होतं, तेवढ्यात इथल्या एका मैत्रिणीला मुलगी झाली. साताऱ्याच्या आजीला आणि इथल्या बालवाडीतल्या बाईंना, दोघींना म्हणता येईल असं नाव हवं होतं. यादीत मीरा, तारा, माया. मी भर घातली: ट्रूडी. आणि खाडीची सगळी हकिकत रंगवून सांगितली. बारशाचा मान आत्याबाईंचा, त्या व्हिडिओ कॉलवर होत्या. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पोरीला पोहायला शिकवा की खुशाल. नाव कशाला बुडवताय?”